पाणपोईवरची पाटी कशी वाचायची?

माझं पीएच.डी.चं काम पिण्याच्या पाण्यातल्या क्षारांवर आहे. त्यामुळे पेण-रोहा भागात बाटल्या घेऊन बरंच हिंडणं होतं. एका दवाखान्याच्या अंगणात कूलरमधून नमुना घेताना वरची संगमरवरी पाटी दिसली. कुणाच्या तरी स्मरणार्थ, खाली देणाऱ्या मुलांची नावं आणि तारीख. अशा पाट्या तुम्हीही खूप पाहिल्या असतील. मी वहीत बाटलीचा क्रमांक लिहिला आणि निघाले. परतीच्या एसटीत मात्र वाटलं, ती पाटीही एक नमुनाच होती की! मग तिचं विश्लेषण कसं करायचं?

या पाटीचे पूर्वज मुंबईत सापडतात. मुंबईला विहार तलावाचं पाणी 1860 मध्ये नळाने मिळू लागलं, 1892 मध्ये तानसाचं आलं. नळ आल्यावर चौकाचौकांत प्याऊ आणि कारंजी उभी राहू लागली. फोर्टातलं मुळजी जेठा कारंजं 1894 चं. रतनसी मुळजी या व्यापाऱ्याचा मुलगा धरमसी पंधराव्या वर्षी गेला, त्याच्या आठवणीत बापाने ते बांधलं. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणाऱ्या वास्तुविशारदाचा. शिल्पकामात जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स होते. वर पुस्तक वाचत बसलेला मुलगा आहे. बापाचं दुःख समजायला आणखी काही वाचावं लागत नाही.

आता संशोधक म्हणून बघा. स्मारकाचा दगड काय सांगतो? कुणी दिलं, कुणासाठी दिलं, कधी दिलं. पण पाणी कोण प्यायलं हे तो क्वचितच सांगतो. थोडं बांधणीवरून कळतं. त्या काळच्या अनेक प्याऊंना जनावरांसाठी खालच्या उंचीवर वेगळी कुंडी असे, म्हणजे गाडीचे बैल-घोडे तिथे थांबत हे उघड आहे. माणसामाणसांतला भेद मात्र कुंडीच्या उंचीत दिसत नाही. त्यासाठी दुसरे कागद उघडावे लागतात.

असा एक कागद म्हणजे 4 ऑगस्ट 1923 चा मुंबई विधिमंडळातला ठराव. मांडणारे सीताराम केशव बोले. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालयं आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. विहीर आणि दवाखाना एकाच ठरावात आले आहेत. जे मुळात सगळ्यांना खुलं असतं, त्यासाठी असा ठराव करावा लागत नाही. म्हणजे कायदेमंडळाचा कागद आदल्या दिवसापर्यंतच्या वास्तवाचाही पुरावा असतो.

पण ठराव झाला म्हणून पाणी मिळालं का? त्यासाठी आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, या. पेणवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा रस्त्यावरच पुढे महाड आहे. तिथल्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचं कागदावर लिहिलं. तरीही 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली आणि शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. मी रोज पाण्याची शुद्धता मोजते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान लगेच उलटवलं नाही.

प्रकरण कोर्टात गेलं. तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांनी त्याचं पाणी न घेण्याची रूढी जुनी आहे, असा दावा होता. 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही प्राचीन रूढी सिद्ध होत नसल्याचा निर्णय दिला. पहिल्या घोटापासून या निकालापर्यंत दहा वर्षं गेली. ठराव, घटना आणि निकाल हे तिन्ही एकाशेजारी एक ठेवा, तेव्हा कुठे 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ हाती लागतो. एकट्या ठरावावर थांबलात, तर 1924 मध्येच प्रश्न मिटला असं लिहून मोकळे व्हाल.

संशोधनाची तयारी करत असाल तर एक छोटा सराव करा. जवळच्या दवाखान्यात, एसटी स्टँडवर किंवा शाळेत अशी पाटी शोधा. वहीत तीन रकाने आखा : पाटी काय सांगते, बांधणी काय सांगते, आणि उरलेलं कोणत्या कागदात मिळेल. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. लागू द्या.

मी त्या दवाखान्यात परत गेले, या वेळी बाटली न घेता. तासभर बाकावर बसून नुसतं पाहिलं, पाणी कोण पितंय ते. पेशंट, नातेवाईक, रिक्षावाले, भाजीची पाटी खाली ठेवून आलेल्या दोन बायका. माझ्या नमुन्यांच्या तक्त्यात आता 'वापरणारे' असा एक रकाना आहे.