सहा ठिपक्यांचा लढा

अंध विद्यार्थ्याच्या हाती ब्रेल पाटी आणि टोचणी कशी आली, हा इतिहास आम्ही मुद्दाम निवडला आहे. हत्यार कोणते असावे हे वापरणाऱ्याने ठरवावे की वरच्याने, हा वाद कामगार चळवळीला नवा नाही. तो शाळेच्या वर्गातही लढला गेला, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते.

वालांतँ आयुई ह्याने १७८५ च्या सुमारास पॅरिसमध्ये अंध मुलांची शाळा काढली. उपकार थोरच. परंतु त्याने डोळसांचीच अक्षरे कागदावर उठवून दिली. ग्रंथ अवजड झाले, एकेक अक्षर चाचपावे लागे. आणि मुख्य उणीव अशी की, वाचता आले तरी मुलाला तसे लिहिता येईना.

१८१९ साली कूव्रे गावच्या जीनगराचा दहा वर्षांचा मुलगा, लुई ब्रेल, ह्या शाळेत आला. तिसऱ्या वर्षी बापाच्या दुकानात आरीने त्याचा डोळा दुखावला आणि पुढे दोन्ही डोळे गेले. १८२१ मध्ये शार्ल बार्बिए नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लिपी शाळेत आली. घरात बारा ठिपके, तेही उच्चारांवर बेतलेले. शुद्धलेखनाचे नाव नाही. शिवाय बारा ठिपके बोटाच्या एका पेरात मावत नाहीत. डोळस माणसाला हे कसे कळावे? ब्रेलच्या बोटाला कळले. त्याने सहाच ठिपके ठेवले, त्यांतून ६३ चिन्हे काढली आणि १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, लिपी सिद्ध केली. ठिपके पाडायला टोचणी, म्हणजे बापाच्या आरीची धाकटी बहीणच म्हणा ना!

पुढे तो तेथेच शिक्षक झाला. पण १८४० मध्ये द्यूफो संचालक झाला आणि त्याने ही लिपी वर्गातून हद्दपार केली. निराळ्या लिपीने अंध मुले समाजापासून तुटतील, असे त्याचे म्हणणे. ते अगदीच टाकाऊ नव्हते. मात्र एक गोष्ट त्यात न बोलता राहिली : उठावाची अक्षरे डोळस शिक्षकाला आयती वाचता येत, ठिपके त्याला नव्याने शिकावे लागते. मुले चोरून ठिपके पाडीत राहिली. त्यांचा हा संप म्हणावा काय? आम्ही तरी म्हणतो. अखेर साहाय्यक ग्वादे ह्याने मुलांची बाजू घेतली, आणि १८४४ त नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाला मुलांनी सर्वांसमक्ष ठिपक्यांत लिहून-वाचून दाखविले. सरकारी मान्यता १८५४ ची. ब्रेल १८५२ तच वारला होता.

आपल्याकडे निरनिराळ्या ब्रेल लिप्या चालत. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि मराठीलाही तीच मिळाली. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचे आणि कागद उलटून वाचायचे. हिच्यात ऱ्हस्व वेलांटीसुद्धा व्यंजनाच्या मागून येते.

२०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत पुस्तके व योग्य साधने विनामूल्य देणे शासनावर बंधनकारक केले. योग्य कोणते, हे मुलाला विचारावे, एवढीच आमची मागणी. आता मजकूर वाचून दाखविणारे संगणक व फोन आले. त्यांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु ‘आता ब्रेल कशाला?’ असे कोणी विचारले, तर बार्बिएची जुनी उणीव आठवावी. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच लागतात; बोटाला नाही.