मालान्यूचे राखणदार

पेकिंगच्या पूर्वेस सुमारें १२५ किलोमीटरांवर, चीनच्या प्रसिद्ध भिंतीच्या एका खिंडीशीं, मालान्यू नांवाचें लहानसें गांव आहे. गांव साधेंच. परंतु त्याच्या लगत डोंगराच्या पायथ्याशीं छिंग घराण्यांतील पांच बादशहा, पंधरा सम्राज्ञी आणि शंभरांहून अधिक उपपत्नी यांच्या समाधि आहेत. खिंडीवरचें ठाणें जुनें खरें. पण छिंग अमदानींत तेथील लोकांचें पोट चाललें तें या मृतांच्या राखणीवर.

पहिली समाधि शुन्‌चि बादशहाची. तो १६६१ सालीं वारला. शिकारीस आला असतां ही जागा त्यानें स्वतःच पसंत केली, अशी आख्यायिका आहे. पाठीस डोंगर, पुढें पाणी, ही चिनी लोकांची शुभस्थळाची कल्पना येथें पुरेपूर उतरली होती. त्याच्या समाधीकडे जाणारा मार्ग सुमारें सहा किलोमीटर लांब असून दोहों बाजूंस दगडी पशु व प्रधान हात जोडून उभे आहेत. आसपासच्या अरण्यांत झाड तोडण्यास वा शिकार करण्यास बंदी होती. झाडलोट, नैवेद्य आणि पहारा यांसाठीं मांचू कुटुंबें पिढीजात नेमलेलीं असत, आणि त्यांचें वेतन सरकारी खजिन्यांतून येई.

छिएन्‌लुंग बादशहा १७९९ सालीं वारला. त्याच्या तळघराच्या दगडी भिंतींवर बुद्धमूर्ति असून तिबेटी व संस्कृत भाषांतील मंत्र कोरले आहेत. अक्षरें सुमारें तीस हजार, त्यांत तिबेटीच फार. भरतखंडांतील वाणी इतक्या दूरवर, ज्या काळोखांत कोणी दिवा न्यावयाचा नव्हता तेथें कोरून ठेवावी, हें नवल खरेंच! १९०८ सालीं वारलेल्या राजमाता त्सीशीचा थाट निराळा. तिच्या समाधिमंदिराच्या शिळेवर फीनिक्स पक्षी वर व राजचिन्ह असलेला नाग-ड्रॅगन खालीं कोरला आहे. जन्मभर पडद्याआडून राज्य चालविणाऱ्या बाईनें मनांतील गोष्ट दगडावर तरी उघड केली.

१९१२ च्या फेब्रुवारींत बालबादशहा पूयी यानें राज्यत्याग केला. प्रजासत्ताकानें त्या वेळीं जीं अभिवचनें दिलीं त्यांत घराण्याच्या समाधींचें कायमचें रक्षण हेंही एक होतें. कागद पक्का, पण नेमणुकीचा पैसा वेळेवर येईना. उपाशी राखणदार कोणाचें रक्षण करणार? दोन अडीच शतकें जपलेलीं झाडें हळूहळू कुऱ्हाडीखालीं गेलीं. अरण्य गेलें तेव्हांच दरोड्याची वाट मोकळी झाली, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

१९२८ च्या जुलैंत सुन दियेनयिंग या सेनापतीनें कवाईत चालली असल्याचें निमित्त करून मुलूख बंद केला, सुरुंगानें वाट पाडली आणि छिएन्‌लुंग व त्सीशी यांच्या समाधि लुटल्या. मोत्यें, जडजवाहीर, वस्त्रें, सारें गेलें. बादशहाच्या तळघरांत त्याच्यासह सहा जणांचे देह होते. त्यांचीं हाडें चिखलपाण्यांत इतकीं मिसळलीं कीं, पूयीनें धाडलेल्या मंडळींस तीं वेगळीं करतां आलीं नाहींत. एकाच पेटींत ठेवावीं लागलीं. सुनला शिक्षा झाली नाहीं.

पूयी त्या वेळीं तिएन्‌त्सिन शहरांत राहत होता. राजवाड्यांतून हुसकलें गेल्याहून हा घाव मोठा लागला, असें त्यानें पुढें आत्मचरित्रांत लिहिलें. चारच वर्षांनीं, १९३२ सालीं, तो जपान्यांच्या हातचें बाहुलें होऊन मांचुकुओचा प्रमुख झाला. पूर्वजांच्या हाडांचा सूड हें त्या निर्णयाचें एकच कारण नव्हे. पण तें लहानही नव्हतें.

जपानचा पराभव झाल्यावर १९४५ च्या सुमारास उरलेल्या समाधींवरही घाला पडला. २००० सालीं हें स्थळ जागतिक वारशांत आलें, आणि भोंवतालच्या गांवांत जुन्या राखणदारांचे वंशज अद्याप नांदत आहेत. शुन्‌चिची समाधि मात्र शाबूत राहिली. त्याचें दहन झालें होतें. आंत नुसती रक्षा आहे, ऐवज नाहीं, अशा समजुतीनें चोर तिच्या वाटेस गेले नाहींत, असें मानतात.