सांगणारे गुरुजी

गणरायाच्या आगमनाबरोबर आपल्या मंडळात मुलांच्या स्पर्धा सुरू होतात. कथाकथनाला मुले उभी राहतात, पाठ केलेली गोष्ट घडाघडा म्हणतात, टाळ्या मिळतात. मात्र घरी मराठी पुस्तक हातात दिले की तीच मुले दोन ओळींत कंटाळतात. ग्वाल्हेरच्या मुलांना देवनागरी वेगळी शिकावी लागत नाही, हिंदीमुळे लिपी येतेच. मग अडते कुठे? हा प्रश्न मनात घेऊन आम्ही यंदा साने गुरुजींच्या चरित्राकडे पुन्हा वळलो. मुलांसाठी इतके लिहिणारा हा माणूस लेखणीकडे वळला तरी कसा, हे पाहावेसे वाटले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण दिवस फिरलेले. वडिलांवर कर्ज होते आणि आई यशोदाबाईंनी अपमान व दारिद्र्य सोसत मुलांना वाढवले. शिक्षणासाठी पांडुरंगाला दापोली, औंध, पुणे असे फिरावे लागले. १९१७ साली आई गेली तेव्हा तो घरापासून दूर होता. शेवटची भेट झाली नाही. ही रुखरुख त्यांना जन्मभर पुरली.

एम. ए. झाल्यावर १९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली, आईवेगळी राहणारी ही मुले. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, विस्कटलेली अंथरुणे नीट करत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. मुलांना रागावून वळण लावण्यापेक्षा त्यांचे काम आपणच करून टाकावे म्हणजे मुले आपोआप लाजून कामाला लागतात, असा त्यांचा अनुभव. या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. पुढे ‘विद्यार्थी’ मासिकही काढले. त्यांचे बालवाङ्मय जन्मले ते इथे, वसतिगृहात. वाचक डोळ्यांसमोर होते, त्यांची नावे माहीत होती आणि कोणाला घरची आठवण येते हेही ठाऊक होते.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगवास सुरू झाला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरवून घेतली गुरुजींनीच. ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहेत ती त्या लेखणीमुळे. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरुवात झाली आणि १३ तारखेच्या पहाटेपर्यंत पुस्तकाचा बहुतेक भाग कागदावर उतरला होता.

या पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात प्रकरणे नाहीत, ४२ ‘रात्री’ आहेत. आश्रमात प्रार्थना झाली की श्याम सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो आणि ऐकायला गावची माणसेही येतात. भित्र्या श्यामला पोहायला धाडणारी आई, भाजीत मीठ विसरल्याचे मागाहून कळल्यावर हळहळणारी आई, सगळे प्रसंग घरातलेच. उपदेश आहे, पण तो स्वयंपाकघरात आणि विहिरीच्या काठावर घडतो. ज्या आईला शेवटचे भेटता आले नाही, तिला गुरुजींनी असे घराघरांत पोहोचवले.

मुलांना चांगले द्यायचे तर ते आपल्याच भाषेतले असले पाहिजे, असा त्यांचा हट्ट नव्हता. ‘गोड गोष्टी’ या मालेत त्यांनी परदेशी कादंबऱ्यांच्या कथा मराठी मुलांना सांगितल्या. ‘मनूबाबा’ ही जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’वर बेतलेली आहे. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील राजबंद्यांचा सहवास घडला, तेव्हा शेजाऱ्याची भाषा आपल्याला येत नाही याची त्यांना खंत वाटली. तिथे त्यांनी तमिळ ‘कुरल’ मराठीत आणले. भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावे, ही ‘आंतरभारती’ची कल्पना अशा अनुभवांतून वाढली. हिंदीच्या प्रदेशात चार पिढ्या काढलेल्या आपणा मंडळींना ती समजावून सांगायला नको.

१९४७ साली पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पुतणी सुधा हिला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ याच अखेरच्या काळातली. देशाचे चित्र मनासारखे नव्हते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. हळवेपणाबद्दल त्यांची थट्टा करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण त्याच हळव्या माणसाने तुरुंग भोगले आणि अन्यायापुढे प्राण पणाला लावले, हे थट्टा करणारे विसरतात.

१९५३ साली आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली आणि १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक तिला मिळाले. त्यात आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई आपल्याकडच्याच. जन्म उज्जैनचा आणि अखेर ग्वाल्हेरला. कोकणातल्या आईला आपल्या मुलखातल्या बाईंनी चेहरा दिला, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. गुरुजींनी आधी मुलांजवळ बसून सांगितले आणि मग लिहिले. आम्ही उलटे करतो. पुस्तक आणून कपाटात ठेवतो आणि मूल ते आपणहून वाचील अशी वाट पाहतो. नोकरदार माणसाला घरी यायला उशीर होतो हे खरे, पण रात्रीची पंधरा मिनिटे निघणार नाहीत असे नाही. अनंतचतुर्दशीला बाप्पांना निरोप दिल्यावर घर सुने वाटते. त्या रात्री ‘श्यामची आई’तली पहिली रात्र मुलांना वाचून दाखवावी. रोज एक धरली तर ४२ रात्री दिवाळीच्या तोंडापर्यंत पुरतात. आमच्या घरी यंदा हे ठरले आहे.

गणपती बाप्पा मोरया!