लपवलेले दुःख आणि लिहिलेले दुःख

"डॉक्टर, जीव घाबरते, झोप लागत नाही, सगळं अंग दुखते." आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात ही तक्रार नेहमीची आहे. अनेकदा ईसीजी आणि रक्ततपासणी ठीक येते. म्हणून दुखणे खोटे असते का? मुळीच नाही. भीती, अपमान, तुटलेपण वर्षानुवर्षे सोसले की ताणाच्या संप्रेरकांचे गणित बिघडते. झोप, पचन, रक्तदाब यांवर परिणाम होतो. जे तोंडाने बोलता येत नाही, ते शरीर बोलते.

काही समाजांच्या वाट्याला हा अपमान पिढ्यानपिढ्या आला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, आपल्या चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. मनाच्या आरोग्याच्या दृष्टीनेही ही मोठी घटना होती. 'दोष माझ्यात नाही' हे हजारो लोकांनी एकत्र येऊन मान्य केले. पण मनावरचे जुने घाव एका दिवसात भरत नाहीत. ते उघड करण्याचे काम पुढे साहित्याने केले.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. तिचे नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतलेले. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघे एकच! शिकून शहाणा झालेला माणूस आपल्याच जुन्या, लाज वाटणाऱ्या रूपासमोर बसून त्याचे ऐकून घेतो. मानसोपचारात हेच करायला शिकवतात. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिले, पण नवऱ्याच्या आणि घरच्यांच्या भीतीने सुमारे २० वर्षे कागद लपवून ठेवले. बाईला आपले दुःख मांडायला घरातही जागा नव्हती.

अमेरिकेतही असेच घडले. जेकब लॉरेन्स हे नावाजलेले कृष्णवर्णीय चित्रकार १९४९ मध्ये नैराश्यासाठी स्वतःहून रुग्णालयात दाखल झाले. त्यांनी ते लपवले नाही. तिथल्या रुग्णांचीच चित्रमालिका काढली.

याला शास्त्राचा आधार आहे का? १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे, मनावरच्या आघाताबद्दल लिहायला लावले. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईट वाटले, पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातील फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा माफकच दिसला, हेही खरे.

तेव्हा तुम्ही काय करावे? वहीत लिहा, भजन म्हणा, दंडारीत नाचा, चित्र काढा. त्यासाठी कलावंत असावे लागत नाही. लिहिताना त्रास फार वाढला तर थांबा. मात्र कला हे औषधाला पर्याय नाही. दोन आठवड्यांहून अधिक उदासी, झोप-भूक बिघडणे किंवा दारूचा आधार घ्यावासा वाटणे ही लक्षणे असतील तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. टेलीमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

आणि घरातले कुणी बोलू लागले, तर "काही होत नाही, विसरून जा" असे म्हणू नका. आधी पूर्ण ऐकून घ्या.