तेलंगणातील सरकारी विद्यापीठे : कोणते कोणाला परवडणारे?

गौलीगुडा (हैदराबाद) : बारावीचा निकाल लागला की गौलीगुडा, जांबाग, कोठी परिसरातील मराठी घरांत प्रवेशाचा हिशेब मांडला जातो. ‘सरकारी विद्यापीठ म्हणजे स्वस्त शिक्षण’ हा समज मात्र अर्धाच खरा आहे. विद्यापीठाचा प्रकार, अभ्यासक्रमाचे स्वरूप, शुल्क परताव्याची पात्रता आणि घरापासूनचे अंतर या चार बाबींवर खरा खर्च ठरतो.

केंद्र आणि राज्य

हैदराबाद विद्यापीठ (१९७४) आणि मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ (१९९८) यांना केंद्राचे अनुदान मिळते. उस्मानिया (१९१८), वरंगळचे काकतीय (१९७६), निजामाबादचे तेलंगणा विद्यापीठ (२००६) ही राज्याची विद्यापीठे. १९८२ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सोयीचे आहे. मात्र ‘नालसार’ हे विधी विद्यापीठही सार्वजनिकच असून तेथील वार्षिक खर्च लाखांत जातो.

एकाच आवारात दोन दर

राज्य विद्यापीठांत नियमित आणि स्वयंअर्थसहाय्यित असे दोन प्रकारचे अभ्यासक्रम चालतात. विद्यापीठ तेच असले, तरी दुसऱ्या प्रकाराचे शुल्क कितीतरी अधिक असते. त्यामुळे तुलना विद्यापीठाच्या नावाची नव्हे, अभ्यासक्रमाची करावी लागते.

शुल्क परतावा

राज्य शासन पात्र विद्यार्थ्यांचे शिक्षण शुल्क ‘ई-पास’ प्रणालीद्वारे भरते. मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या मागास घटकांसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात दीड लाख, तर शहरात दोन लाख रुपये आहे. दोन लाख म्हणजे महिन्याला सुमारे साडेसोळा हजार. शहरात घरातील दोघे कमावते असले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि अल्प उत्पन्नाचे कुटुंबही योजनेबाहेर राहते. पात्र ठरलेल्यांपुढे थकबाकीचा प्रश्न असतो. शासनाकडून रक्कम येण्यास विलंब झाला की महाविद्यालये विद्यार्थ्यांकडेच पैसे मागतात, प्रसंगी प्रमाणपत्रेही अडकतात.

मराठी कुटुंबांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. प्रवेशातील ‘स्थानिक’ दर्जा प्रामुख्याने विद्यार्थ्याचे सलग शिक्षण कोठे झाले यावर ठरतो. मुलाला नांदेड वा लातूरला शिकण्यास पाठविले असल्यास हा दर्जा आधीच तपासावा.

अंतराचा खर्च

गौलीगुड्यातील मुलीला कोठीचे महिला विद्यापीठ पायी गाठता येते. १९२४ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया महिला महाविद्यालयाला २०२२ मध्ये हा दर्जा मिळाला. आता ते वीरनारी चाकली ऐलम्मा यांच्या नावाने ओळखले जाते. उस्मानियाचे मुख्य आवार काही किलोमीटरवर आहे, तर गच्चीबावलीचे हैदराबाद विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला. ९ डिसेंबर २०२३ पासून ‘महालक्ष्मी’ योजनेत राज्यातील महिलांना शहरातील साध्या व मेट्रो एक्स्प्रेस बसमधून मोफत प्रवास करता येतो. मुलांना पासाचा खर्च येतोच. वरंगळ वा निजामाबाद निवडल्यास वसतिगृह आणि खानावळ यांचा खर्च पुष्कळदा शिक्षण शुल्काहून मोठा ठरतो.

प्रवेशापूर्वी

पदवी प्रवेशाच्या ‘दोस्त’ या ऑनलाइन प्रणालीत पसंतीक्रम भरण्यापूर्वी अभ्यासक्रम नियमित आहे का, परतावा लागू आहे का, परीक्षा व वसतिगृह शुल्क वेगळे किती आणि परतावा लांबल्यास पैसे कोणी भरायचे, हे विचारून घ्यावे. उत्पन्न व जातीचे दाखले वेळेत काढून ठेवावेत. पहिल्या वर्षाचे शुल्क पाहून निर्णय न घेता संपूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च मांडणे हीच खरी तुलना होय.