देवीच्या लसीचें बनावट प्राचीनत्व

देवीची लस हिंदुस्थानांत प्रथम १४ जून १८०२ रोजीं मुंबईस टोंचली गेली. ती मुलाच्या दंडावरून मुलाच्या दंडावर न्यावी लागे. एका गांवानें नकार दिला कीं पुढील गांवांची सांखळी तुटे. ब्राह्मणांचें मन वळविण्यासाठीं मद्रासचे अधिकारी व भाषापंडित एलिस यांनीं लसीवर संस्कृत काव्य रचून जुन्या कागदावर उतरविलें व तें सांपडल्याचें भासविलें, असें जेन्नरचा चरित्रकार बॅरन नमूद करतो. १८१९ सालीं ‘मद्रास कुरियर’ पत्रांत धन्वंतरीच्या नांवावर, ‘शाक्तेय ग्रंथम्’ मधील म्हणून, असेंच वचन छापून आलें. त्या नांवाचा वैद्यकग्रंथ आम्हांस कोणत्याहि सूचींत आढळला नाहीं. तरी त्याच आधारावर लस मूळची आमचीच असें सांगणारे पुष्कळ झाले. मुलें वांचविण्यासाठीं रचलेलें हें कूट आम्हांस क्षम्य वाटतें. त्याचा पुरावा म्हणून उपयोग मात्र नाहीं. अस्सल पुरावा निराळाच आहे: माणसाच्याच देवीची लस टोंचण्याची बंगालची चाल हॉलवेलनें १७६७ सालीं वर्णिली आहे. तींत गाईचा संबंध नाहीं.