दिनविशेष : ७ फेब्रुवारी

१९५६ : हॉलीवूडमध्ये गायिका एला फिट्झजेराल्ड यांनी गीतकार कोल पोर्टर यांच्या गीतांचे ध्वनिमुद्रण सुरू केले. निर्माते होते नॉर्मन ग्रान्झ, तर वाद्यवृंद बडी ब्रेगमन यांचा. दोन तबकड्यांवर ३२ गाणी आली आणि ‘व्हर्व्ह’ या नव्या कंपनीचा पाया भक्कम झाला.

पोर्टर यांची बहुतेक प्रेमगीते संगीतिका आणि चित्रपटांतली, कुणा पात्राच्या तोंडची. एलांनी ते पात्र बाजूला सारले आणि उरले ते निव्वळ गाणे. निरर्थक अक्षरांशी लयीत खेळणाऱ्या ‘स्कॅट’साठी गाजलेली ही गायिका इथे शब्दांपुढे नम्र झाली. एरवी गाळला जाणारा आरंभीचा भागही त्यांनी अनेक गाण्यांत गायला, आणि खट्याळ यमकांमागची हुरहूर प्रथमच इतकी स्वच्छ ऐकू आली. गीतकाराला दिलेली याहून मोठी दाद कुठली असणार!

पुढे रॉजर्स-हार्ट, एलिंग्टन, गर्शविन बंधू अशा दिग्गजांवर त्यांचे आणखी सात संच निघाले. जुनी नाट्यगीते त्यामुळे मैफलीच्या कायमच्या ठेव्यात जमा झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीतही हा पहिला संच जपला आहे. आजही एकाच गीतकाराची गाणी घेऊन बसणारा गायक याच वाटेने जातो.